पेडल स्टील गिटार : वाद्याची रचना आणि वादकांचे खासगी वाद्यसंग्रह

प्रस्तावना

एखाद्या वादकाच्या घरी एकाच जातीची चार-पाच वाद्ये आढळली, तर ती हौस किंवा संपन्नतेचे लक्षण मानण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती असते. नाणी, टपाल तिकिटे, जुनी घड्याळे यांच्यासारखाच हाही एक संग्रह, असे समजले जाते. पेडल स्टील गिटार या अमेरिकन वाद्याच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण अपुरे पडते. अमेरिकेतील कंट्री संगीतात गेली सत्तर वर्षे प्रतिष्ठा पावलेल्या या वाद्याच्या वादकांकडे बहुधा एकाहून अधिक वाद्ये असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे काम निराळे असते. या संग्रहामागची कारणे मालकाच्या स्वभावापेक्षा वाद्याच्या घडणीत अधिक सापडतात. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम वाद्याची रचना स्पष्ट केली असून त्या आधारे वादकांच्या खासगी संग्रहांचे स्वरूप आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

वाद्याची पूर्वपीठिका

मराठी वाचकाला ‘हवाईयन गिटार’ हे नाव अपरिचित नाही. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी दांडा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या, हे त्याचे दृश्य रूप. या वादनपद्धतीचे श्रेय हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यांना दिले जाते. १८८९ च्या सुमारास, शाळकरी वयात, त्यांनी तारांवर लोखंडी वस्तू सरकवून स्वर काढण्याचे प्रयोग सुरू केले. १९०४ मध्ये ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. पुढे १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनामुळे हवाईयन संगीताची लाटच अमेरिकेत उसळली. १९३२ मध्ये बाजारात आलेली, ओतीव ॲल्युमिनियमची, आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाणारी रिकेनबॅकर गिटार व्यापारी यश मिळवणारी पहिली विद्युत गिटार ठरली आणि तीही मांडीवरचीच होती. विद्युत गिटार म्हटले की उभ्याने वाजवणारा रॉक वादक डोळ्यांसमोर येतो. पहिला मान प्रत्यक्षात या बसून वाजवणाऱ्यांचा आहे.

या वाद्यात एक मूलभूत मर्यादा होती. दांडा सरळ असल्याने तो ज्या जागी ठेवावा त्या जागी सर्व तारा सारख्याच प्रमाणात चढतात. मोकळ्या तारांत जे स्वरांतर असेल तेच सर्वत्र मिळते. एकल सुरावटीला याने बाधा येत नाही; परंतु पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून ‘कॉर्ड’ साधावी लागते आणि गाण्याच्या ओघात ती बदलावी लागते. यावर वादकांनी शोधलेला पहिला उपाय म्हणजे एकाच वाद्यावर अनेक नेक बसवणे. प्रत्येक नेकवर वेगळी स्वरजुळणी करायची आणि गरजेप्रमाणे एकीवरून दुसरीवर हात न्यायचा. १९५० च्या दशकात फेंडर कंपनीची स्ट्रिंगमास्टर दोन, तीन आणि चार नेकची मिळत असे. चार नेकचे असे वाद्य म्हणजे एका चौकटीत बसवलेला चार वाद्यांचा संग्रहच होय. संग्रहाची गरज या वाद्याला जन्मापासून चिकटलेली आहे, ती अशी.

पेडलचे कार्य

दुसरा उपाय म्हणजे हातांऐवजी पायांनी तारेचा ताण बदलणे. १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीने इलेक्ट्राहार्प हे पेडलयुक्त वाद्य आणले. कॅलिफोर्नियातील पॉल बिग्सबी (१८९९–१९६८) या कुशल कारागिराने १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलची स्टील गिटार बनवली. सुरुवातीला पेडलचा उपयोग केवळ दोन कॉर्डच्या मधल्या अवकाशात स्वरजुळणी बदलून घेण्यापुरता होता. म्हणजे नेक बदलण्याचे काम पाय करीत असे. तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा स्वर सरकता ऐकवण्याची कल्पना बड आयझॅक्स या वादकाने वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतात वापरली आणि १९५४ मध्ये ते गीत अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झाले. त्यानंतर नॅशव्हिलमधील वादकांत पेडल बसवून घेण्याची अक्षरशः धावपळ सुरू झाली.

हा परिणाम भारतीय स्वरसंज्ञांत मांडला, तर त्याचे वैशिष्ट्य चटकन ध्यानी येते. सर्वाधिक प्रचलित अशा ‘ई नाइन्थ’ स्वरजुळणीत ‘ई’ हा षड्ज धरल्यास मधल्या तारा स, ग, प अशा लागलेल्या असतात. ‘ए’ हे पेडल दाबले की पंचमाची तार चढून धैवतावर जाते. ‘बी’ पेडल दाबले की शुद्ध गंधाराची तार शुद्ध मध्यमावर जाते. दोन्ही एकदम दाबली की स-ग-प या संघाचा स-म-ध होतो. हा सर्व वेळ षड्जाची तार जागची हलत नाही. एक स्वर स्थिर उभा आहे आणि त्याच्या शेजारचे दोन स्वर त्याला धरून वर सरकत आहेत, हा अनुभव हाताने सरकवलेल्या दांड्यातून मिळत नाही. कारण दांडा सरकला की सगळेच सरकतात. कंट्री संगीतात या वाद्याचा जो ‘रडका’ स्वर म्हणून उल्लेख होतो, त्याचे मर्म या स्थिर आणि चल स्वरांच्या एकत्र नांदण्यात आहे.

आयझॅक्सच्या वाद्यात हे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते. १९५६ च्या सुमारास बडी एमन्स (१९३७–२०१५) आणि जिमी डे (१९३४–१९९९) यांनी ते दोन पेडलांवर विभागले. पुढे १९६२ च्या सुमारास एमन्स यांनी ऋषभ आणि शुद्ध निषाद यांच्या दोन तारा भर घातल्या, त्याही उंचीच्या क्रमाने न लावता वादकापासून दूरच्या कडेला. क्रम मोडल्यामुळे नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ होतो, परंतु आज या दहा तारांची मांडणी प्रमाण मानली जाते. गुडघ्यांनी डावी-उजवीकडे ढकलायच्या कळाही यथावकाश आल्या. आजचा वादक दोन्ही हात, दोन्ही पावले आणि दोन्ही गुडघे यांनी वाजवतो. उजवे पाऊल आवाजाच्या पेडलवर असते. जॅझ आणि वेस्टर्न स्विंग यांसाठी ‘सी सिक्स्थ’ ही दुसरी स्वरजुळणी लागते आणि म्हणून व्यावसायिक वाद्य बहुधा दुहेरी नेकचे, प्रत्येकी दहा तारांचे असते. मेपलच्या लाकडाचे हे वाद्य, त्याचे चार पाय, पेडलची पट्टी आणि गजांसह पेटीत भरले की वजन तीस किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाते.

संग्रह का होतो?

वरील विवेचनावरून पहिले कारण सहज सुचते. वजनाने जड असे दुहेरी वाद्य ध्वनिमुद्रणगृहात किंवा घरी ठेवायचे आणि प्रवासासाठी एकेरी नेकचे हलके वाद्य घ्यायचे, ही व्यवहार्य सोय होय. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे असून ते वाद्याच्या यंत्रणेशी निगडित आहे. पेडल दाबले की वाद्याच्या पोटाखालील गज ओढला जातो, आडव्या दांड्यावरील खुंट फिरतो आणि उजव्या टोकाच्या ‘चेंजर’मधील धातूचे बोट तार ताणते किंवा सैल करते. हे बोट नेमके कसे हलावे याविषयी कारागिरांचे मतैक्य कधीच झाले नाही. १९५० च्या दशकात शॉट जॅक्सन आणि एमन्स यांनी नॅशव्हिलमध्ये ‘शो-बड’ ही संस्था काढली. १९६३ मध्ये एमन्स तेथून बाहेर पडले आणि रॉन लॅशली यांच्यासह त्यांनी नॉर्थ कॅरोलायनामधील बर्लिंग्टन येथे एमन्स गिटार कंपनी स्थापन केली. तिचे ‘पुश-पुल’ वाद्य ओढून स्वर चढवते आणि ढकलून उतरवते. यात विश्रांतीच्या वेळी चेंजरचे बोट वाद्याच्या अंगाला घट्ट टेकलेले असते. त्यामुळे तारेचे कंपन लाकडात थेट उतरते आणि नाद भरदार येतो, असे त्याचे चाहते मानतात. याउलट ‘ऑल-पुल’ यंत्रणेत चढ आणि उतार दोन्ही ओढूनच होतात, प्रत्येक बदलाला स्वतंत्र नायलॉनची चावी असते आणि नवा बदल बसवणे तुलनेने सोपे जाते. आजचे बहुतेक कारागीर हीच यंत्रणा वापरतात.

म्हणजे ज्याला पुश-पुलचा नाद हवा, त्याला बदल करण्याची सोय सोडावी लागते आणि ज्याला सोय हवी, त्याला त्या नादावर पाणी सोडावे लागते. दोन्ही हवे असेल तर दोन वाद्ये बाळगण्याखेरीज मार्ग राहत नाही. नादातील हा फरक सामान्य श्रोत्याला कळतो का, हा वादाचा मुद्दा आहे. परंतु वादकाला तो कळतो. तंबोऱ्याच्या जवारीतील सूक्ष्म भेद गायकाला अस्वस्थ करतो, तेव्हा श्रोत्यांना तो जाणवला की नाही हे कोणी विचारीत नाही.

तिसरे कारण शरीराशी संबंधित आहे आणि या वाद्याचे खरे वेगळेपण त्यातच आहे. कोणते पेडल कोणत्या तारेचा स्वर किती बदलते याच्या आराखड्याला या क्षेत्रात ‘कोपेडन्ट’ म्हणतात. एमन्स यांच्या मांडणीत डावीकडून ए, बी, सी असा पेडलचा क्रम येतो. जिमी डे यांच्या मांडणीत तो सी, बी, ए असा उलटा असतो. संगीत एकच, स्वर तेच; तरीही एका मांडणीवर घडलेले पाऊल दुसऱ्या मांडणीवर अडखळते. गुडघ्यांच्या कळांबाबत तर वादकागणिक मतभिन्नता आढळते. म्हणून एका वादकाचे वाद्य दुसऱ्याने उचलून लगेच वाजवावे, असे या वाद्याच्या बाबतीत सहसा घडत नाही. हार्मोनियम किंवा सतारीविषयी हे संभवत नाही. साहजिकच चालू वाद्यात बिघाड झाल्यास बाजारातून दुसरे आणून त्याच संध्याकाळी कार्यक्रम करणे अशक्यप्राय असते आणि त्याच मांडणीचे दुसरे वाद्य घरात तयार ठेवणे ही चैन राहत नाही.

यालाच जोडून कारागिरांचा प्रश्न येतो. हे वाद्य मोठ्या कारखान्यांत क्वचितच रमले. फेंडरने १९५७ पासून तारदोराने चालणारी पेडल वाद्ये काढली, पण व्यवसायाचा कणा लहान कार्यशाळाच राहिल्या. बिग्सबी यांच्यासारख्या कारागिराकडे मागणी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. शो-बडचे उत्पादन १९८० च्या दशकात थांबले. कारागीर गेला की त्याच्या मापाचे सुटे भाग मिळणेही थांबते. तेव्हा जुने, न वाजणारे एखादे वाद्य केवळ भागांसाठी राखून ठेवले जाते. संग्रहातील असे मोडके वाद्य पाहुण्याला अडगळ वाटते. मालकाच्या दृष्टीने मात्र तेच चालत्या वाद्याचे आयुष्य असते.

काही उदाहरणे

वादक पॉल फ्रँकलिन यांचे उदाहरण संग्रह आणि निर्मिती यांची सांगड दाखवते. त्यांचे वडील शो-बडमध्ये काम केलेले कारागीर होते व पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने वाद्ये घडवली. पेडल स्टीलची यंत्रणा अनुनादक तबकडी असलेल्या डोब्रो या वाद्याला जोडून तयार झालेले ‘पेडाब्रो’ हे याच घरातील अपत्य. रँडी ट्रॅव्हिस यांच्या १९८७ मधील ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ या लोकप्रिय गीतात ते ऐकू येते. येथे संग्रह विकत घेऊन वाढला नाही. ध्वनिमुद्रणासाठी हवा असलेला नाद बाजारात नव्हता म्हणून तो घरात घडवला गेला.

उलट उदाहरण लॉइड ग्रीन यांचे. द बर्ड्‌स या गटाच्या १९६८ मधील ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या ध्वनिमुद्रिकेत वाजवणाऱ्या या वादकाने पुढे सी सिक्स्थची नेक सोडूनच दिली. शो-बडने त्यांच्या नावाची जी गिटार काढली, तीत दुहेरी वाद्याची रुंदी कायम ठेवून दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकण्यासाठी मऊ गादी बसवलेली होती. सत्तरच्या दशकातील ते वाद्य त्यांनी अनेक दशके वापरले. ज्याचे काम एका स्वरजुळणीत भागते, त्याला संग्रहाची निकड राहत नाही, एवढाच याचा अर्थ. फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधील स्नीकी पीट क्लाइनो यांनीही सहकारी दहा तारांकडे वळले असताना आठ तारांची फेंडर ४०० सोडली नाही. (हे गृहस्थ चलत्‌चित्रांतील बाहुल्यांच्या हालचालींचे कामही करीत असत, यंत्राच्या बारीक सांध्यांशी त्यांचे जमणे स्वाभाविकच होते.)

व्यवसायाने पेडल स्टीलवादक नसलेल्यांच्या घरीही हे वाद्य पोचले. ग्रेटफुल डेडचे जेरी गार्सिया यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झेडबी बनावटीचे वाद्य घेतले आणि १९७० मधील ‘टीच युअर चिल्ड्रन’ या गीतात त्यांनी वाजवलेला तुकडा अमाप गाजला. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी ते वाजवणे जवळजवळ थांबवले. हौशी संग्राहकाच्या कोपऱ्यात राहिलेले वाद्य आणि रोज वापरातले वाद्य यांत काळानुसार फरक पडतो: नायलॉनचे भाग ठिसूळ होतात, सांध्यांतील वंगण घट्ट होऊन यंत्रणा अडते. पेडल स्टील हे वाजवले तरच नीट राहणारे वाद्य आहे.

भारतीय संदर्भ

हवाईयन गिटार भारतात आली, रुजली आणि हिंदुस्थानी संगीताने तिला आपलेसे केले. ताऊ मो हे हवाईयन कलावंत १९४० च्या दशकात कलकत्त्यात वास्तव्यास होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांच्या विद्युत गिटारने लोकांच्या मनात घर केले. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी ही गिटार रागसंगीतात प्रतिष्ठित केली. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका मराठी घरांतही मोठ्या आवडीने ऐकली गेली. पेडल मात्र येथे आले नाही. याचे कारण आर्थिक असण्यापेक्षा सांगीतिक असावे. हिंदुस्थानी वादकाला एकाच तारेवरील मींड हवी असते आणि ती दांड्याने उत्तम साधते. विचित्रवीणेवर ती काचेच्या बट्ट्याने पूर्वीपासून साधली जात होती. स्थिर षड्जासाठी चिकारी व तंबोरा आहेतच. अमेरिकन वादकाला जो प्रश्न पायांनी सोडवावा लागला, तो येथे मुळात उपस्थितच झाला नाही.

भारतीय वादकांचे बदल म्हणून निराळ्या दिशेने गेले. पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तरफांच्या तारा आल्या. देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी तीन आकारांची वाद्ये स्वतःच्या कल्पनेतून सिद्ध केली. त्यांतील आनंदी अवघी चार तारांची आहे. एका वादकाच्या गरजेतून जन्मलेला हा वाद्यसमूह पेडल स्टीलवादकांच्या संग्रहाचा सख्खा भाऊ म्हणता येईल.

जतनाचा प्रश्न

मे २०१० मध्ये नॅशव्हिल येथे कंबरलँड नदीला महापूर आला. नदीकाठच्या साउंडचेक या तालीम व साठवण केंद्रात अनेक नामवंत संगीतकारांची वाद्ये ठेवलेली होती. ती कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. व्हिन्स गिल, ब्रॅड पेस्ली, कीथ अर्बन यांच्यासारख्या कलावंतांची हानी वृत्तपत्रांतून जगासमोर आली. त्या शहरात कोणतीही मोठी पार्श्ववादक मंडळी पेडल स्टीलशिवाय पूर्ण होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आपत्तीचा अर्थ कळतो. पाण्यात राहिलेले मेपल फुगते, वरचा थर सुटतो आणि धातूचे शेकडो छोटे भाग गंजाने एकमेकांना धरून बसतात. लाकूड सुकवता येते. यंत्रणा मात्र सुटी करून एकेक भाग स्वच्छ करावा लागतो आणि ते करू शकणारे हात थोडे आहेत.

पूर हा दृश्य धोका झाला. अदृश्य धोका वादकाच्या निधनानंतर उद्भवतो. १९५० व ६० च्या दशकांत घडलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. वारसांना त्या जड पेट्यांचे काय करावे हे कळत नाही, वाद्ये विकली जातात आणि नवा मालक ती स्वतःच्या पावलांना जुळतील अशी बदलून घेतो. गज काढले जातात, खुंट हलवले जातात, गुडघ्याच्या कळा दुसऱ्या जागी जातात. यात गैर काही नाही; वाद्य वाजते राहते. परंतु मूळ वादकाने आयुष्यभरात ठरवलेला कोपेडन्ट त्या क्षणी पुसला जातो. ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणारा एखादा विशिष्ट बदल त्याने पायाने केला, गुडघ्याने केला की दांडा तिरका धरून केला, हे नंतर केवळ ऐकून निश्चित करणे फार अवघड असते. संग्रहालयात ठेवल्यास वाद्य बदलत नाही हे खरे, पण काचेच्या कपाटात त्याची केवळ पुढची बाजू दिसते आणि सगळी माहिती पोटाखाली असते.

म्हणून संग्रहाची नोंद करताना वाद्याचा निर्माता, क्रमांक आणि वर्ष एवढ्यावर थांबता कामा नये. वाद्य उलटे करून गजांची जोडणी छायाचित्रित करणे, प्रत्येक पेडल व कळेचा परिणाम तारेनिहाय लिहून काढणे, आणि शक्य असल्यास खुद्द वादकाकडून त्याचा वापर ध्वनिचित्रमुद्रित करून घेणे, ही कामे मालक हयात असतानाच व्हावयास हवीत. एका वाद्यासाठी याला दिवसभराचा वेळ पुरतो. मोहनवीणा, चतुरंगी किंवा काबरा यांच्या परंपरेतील बदललेल्या गिटारी यांनाही हीच रीत लागू पडते. कारण तेथेही तारांची जागा आणि त्यांचा मेळ वादकाबरोबर बदलतो.

बिग्सबी यांच्या वाद्यांच्या दर्शनी फळीवर, ज्याच्यासाठी वाद्य घडवले त्या वादकाचे नाव मोठ्या अक्षरांत जडवलेले असे. स्पीडी वेस्ट यांचे वाद्य त्यामुळे पन्नास फुटांवरूनही ओळखू येई. अशी वाद्ये आज ज्यांच्याकडे जातात, त्यांना ती विकत घेतल्यावरही दुसऱ्याच्या नावामागे बसून वाजवावी लागतात. नावाची फळी सहसा कोणी काढत नाही. गज मात्र पहिल्याच आठवड्यात बदलले जातात.